उघडे गुडघे

महिला वर्षाचं वारं विट्याजवळच्या त्या गावापर्यंत पोचलं आणि शाळेतल्या मुलींचा खो-खोचा संघ सांगलीला निघाला. पण लालासाहेब पैलवानांनी लेकीला, अंबूला, पाठवायला साफ नकार दिला. अंबूशिवाय संघ पुरा होईना, म्हणून शाळेच्या क्षमाबाई थेट तालमीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

जोर अर्ध्यावर सोडून पैलवान तरातरा बाहेर आले. "आवं बाई, वाढलेली पोर हाफपँट घालून चारचौघांत पळणार? गुडघं उघडं टाकून? जनाची न्हाई तर मनाची तरी लाज?"

बाईंनी मान खाली घातली. पैलवानांना जरा बरं वाटलं. "बघा, तुमास्नी बी लाज वाटली न्हवं!"

"वाटली ना," मान वर न करताच बाई म्हणाल्या.

"आधी तुमच्या त्या लंगोटावर धोतर नेसून या, मग बोलू."