बटणांचा खुळखुळा

दुकानातली खेळणी शिंप्याला परवडत नव्हती, म्हणून त्याने रिकाम्या बाटलीत उरलीसुरली बटणं भरली, झाकण घट्ट लावलं आणि वर्षभराच्या लेकीसाठी खुळखुळा केला. स्वतः हलवून पाहिला, तर छान वाजला.

मांडीवर बसलेल्या लेकीने हलवला, तर आवाजच नाही.

“काय गं चिमणे, हातात जोर नाही का?”

तिने जोरजोरात हलवला. बटणं आत उड्या मारत होती, पण मुकाट. तिने टाळ्या वाजवल्या, त्याही मुक्याच. मग ती तोंड उघडून खदखदून हसली आणि ते हसू काही ऐकू आलं नाही.

तेवढ्यात बायको ओले हात पुसत दारात आली.

“अहो, एकटेच काय बडबडताय? चिमणी कुठंय?”

मांडीवरल्या लेकीने आईकडे दोन्ही हात पसरले.