साडेआठचं ऑपरेशन

हेमलता सिस्टर मुलाखतीला बसल्या. बावीस वर्षं वॉर्डात काढल्यावर त्यांनी रुग्णालय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि याच रुग्णालयाच्या प्रशासकपदासाठी अर्ज केला होता. समोर अध्यक्षांशेजारी मुख्य सर्जन डॉक्टर बर्वे बसले होते.

"सिस्टर, आता आम्हा डॉक्टरांना हुकूम सोडणार का?" बर्व्यांनी हसत विचारलं.

गप्प बसावं, असं सिस्टरना क्षणभर वाटलं.

"हुकूम नाही, सर. पण साडेआठचं ऑपरेशन दहाला सुरू होतं आणि पेशंट तोवर उपाशी पडून राहतो. हे मला वर्षानुवर्षं दिसत होतं, पण बोलणार कशाच्या आधारावर? अभ्यासक्रमाच्या प्रकल्पासाठी मी तीन महिने रोजच्या वेळा टिपल्या. उशिराची निम्मी ऑपरेशनं तुमची होती."

आहे ती नोकरीही गेली, असं समजून त्या उठू लागल्या.

"बसा," बर्वे हळूच म्हणाले आणि अध्यक्षांकडे वळले. "हे मला तोंडावर सांगणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं. माझं मत यांना."

सिस्टर पुन्हा खुर्चीत बसल्या आणि त्यांनी वेळांच्या नोंदींची वही अध्यक्षांसमोर उघडून ठेवली.