झोपमोड

"कान ठणठणीत आहेत," कान तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

आईबाबा गोंधळून एकमेकांकडे बघत राहिले. मग नऊ महिन्यांची पोर तोंडातून चकार शब्द का काढत नाही? खुळखुळा दिला तर हलवायचा सोडून भिरकावून का देते?

बाईंनी तिचा खुळखुळा घेऊन हलवला. वाजलाच नाही.

"मणी मीच काढलेत," आई कुजबुजली. "यांची रात्रपाळी. दिवसा घरात आवाज नको."

बाईंनी आपला खुळखुळा पोरीच्या हातात दिला. तो वाजताच ती दचकली. मग तिने तो पुन्हा हलवला, पुन्हा हलवला आणि एकदम ओरडली, "ब्बाऽऽब्बाऽऽ!"

आईने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "शूऽऽ! बाबा झोपलेत ना!"

शेजारच्या खुर्चीत बाबा टक्क जागे होते.