पानभर पाल्हाळ

पणजोबांनी घोडागाड्यांची चाके बसवली, आजोबांनी आगबोटींची इंजिने जोडली, वडिलांनी बसगाड्या दुरुस्त केल्या. आणि ती विमाने तपासते. या घराण्यात शब्दांची उधळपट्टी कोणी केली नाही. त्यामुळे नोकरी सांभाळून केलेल्या ऑनलाइन एम.टेक.च्या प्रबंधाचा निष्कर्ष तिने हँगरमधल्या नोंदीसारखाच लिहिला : ‘तपासले. ठीक आढळले.’

लेकीने कपाळाला हात लावला. “आई, हे विद्यापीठ आहे, विमानाचं चाक नव्हे! पाचपर्यंत प्रबंध गेला नाही तर वर्ष वाया जाईल. आणि ऋणनिर्देशात माझ्याबद्दल हे काय? ‘मुलीची मदत समाधानकारक’?”

“अगं, समाधानकारक म्हणजे उत्तमच की! आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही.”

“ठाऊक आहे मला. तिसरीत ‘माझी आई’वर पानभर निबंध लिहिला होता मी. पाल्हाळ म्हणून सगळा खोडलास तू. एकच वाक्य ठेवलंस, ‘माझी आई विमाने तपासते.’ बाई म्हणाल्या, पुढे काय?”

लेक खो खो हसली. आईला मात्र हसू आले नाही. तिने लॅपटॉप पुढे ओढला, लेक सांगेल तसा निष्कर्ष वाढवला आणि मग तिला खोलीबाहेर पिटाळून ऋणनिर्देशाला हात घातला.

पाच वाजत आले तेव्हा लेकीने प्रबंध पाठवण्याआधी ऋणनिर्देशाचे पान उघडले. तिच्याविषयी पानभर मजकूर होता. निव्वळ पाल्हाळ, आणि आईने त्यातला एक शब्दही खोडला नव्हता.