पालकाचा अंगठा

फौजेतून हवालदार होऊन परतलेल्या धम्मरत्ननं चव्वेचाळिसाव्या वर्षी राळेगावच्या कॉलेजात बी.ए.ला नाव टाकलं. माजी सैनिक म्हणून फी माफ झाली, वयाचंही कुणी काही काढलं नाही. अडलं ते अर्जातल्या 'पालकाची सही' या रकान्यापाशी. "राहू द्या कोरा, काका," क्लार्क हसत म्हणाला. पण फौजेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हातून रकाना कोरा सुटतो होय! तो अर्ज घेऊन थेट घरी आला आणि बाजेवर बसलेल्या बापापुढे त्यानं शाईचं पॅड धरलं.

उकंडाबाबांनी कागदाकडे पाहिलं आणि अंगठा मुठीत लपवला.

"मी नाही देत."

"काहून, बाबा? शिकाचा कागद आहे."

"मांगं असाच कागद आनलता तू. पोरगं अठराच्या आत आहे, बापाचा अंगठा पाह्यजे म्हने. देला मी. वर्स-दीड वर्सात तू कारगिलच्या लढाईत. तीन महिने ना चिठ्ठी, ना खबर." म्हाताऱ्याची मूठ आणखीच आवळली. "हा कागद कुठं धाडून राह्यला तुले?"

धम्मरत्न बाजेपाशी खाली बसला.

"राळेगावले, बाबा. पाचच्या यष्टीनं वापस येतो."

"रोज?"

"रोज."

उकंडाबाबांनी मूठ उघडली.

"मंग दोन्ही अंगठे घे."