एका मिनिटात

रविवारी दुपारी जुना संगणक भंगारात द्यायचा म्हणून त्याने पुसायला घेतला आणि पुसता पुसता सहज सुरू करून पाहिला. सुरू झाला. पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या जुन्या ऑनलाइन खेळाचं चित्र अजून होतं.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासणारा माणूस तो. सुट्टीच्या दिवशी तरी डोळ्यांना विश्रांती द्यावी, हे त्याला कळत होतं. पण हात ऐकेनात. पासवर्डसुद्धा बोटांनाच आठवला.

"तुझं ते भूत अजून जिवंत आहे?" खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या आईने विचारलं.

"पाच मिनिटं बघतो गं, मग देऊन टाकतो."

पडद्यावर खेळातल्या गढीचा चौक उघडला. एके काळी इथे पाय ठेवायला जागा नसे. माणसं आपापल्या घरी बसून इथे एकत्र जमत, लढत, भांडत. आता चिटपाखरू नव्हतं. हिरव्या झग्यातला त्याचा वैद्य एकटाच उभा होता.

एकटा नव्हता. समोर ढाल उभा होता.

वैद्य आणि ढाल ही खेळातली नावं. ढालने पुढे उभं राहून वार झेलायचे, वैद्याने मागून त्याच्या जखमा भरायच्या. खरं नाव दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नव्हतं.

पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटली. "आलास?"

त्याला हसूच आलं. त्याने लिहिलं, "अजून खेळतोस? कमाल आहे बुवा तुझी!"

"एका मिनिटात येतो म्हणाला होतास."

त्याला अंधूक आठवलं. गुहेच्या तोंडाशी ऐन लढाईत होते दोघं. घराचं दार वाजलं म्हणून तो उठला होता. मग नोकरी लागली, घर बदललं, खेळ राहूनच गेला. दहा-बारा वर्षं तरी झाली असतील.

"अरे हो! मग काय झालं रे त्या दिवशी?"

"मी हललो नाही. तू मागे आहेस असं धरून चाललो होतो. मेलो."

"मेलास म्हणजे काय, लगेच उठला असशील की!"

पुढची ओळ उमटली. "नंतर तुला शोधलं. तुझ्या जुन्या घरीही जाऊन आलो. तिथले लोक म्हणाले, सोडून गेले."

जुन्या घराचा पत्ता आपण ह्याला कधी दिला होता, हे त्याला काही केल्या आठवेना. थट्टा करत असेल, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली. माणूस इतकी वर्षं एकच खेळ खेळत बसला की बोलणं असं होत असेल.

"माझ्या मागे ये," ढालने लिहिलं.

ही सोय त्या खेळात होती. एखाद्याच्या नावावर टिचकी मारली की आपलं पात्र आपोआप त्याच्या मागोमाग चालू लागे. मग खुशाल उठावं, पाय मोकळे करावेत. अर्थात, पुढच्यावर भरवसा असेल तरच. त्याने टिचकी मारली आणि तो चहा टाकायला आत गेला.

आधण उकळत असताना बाहेरून कळफलकाची खटखट ऐकू आली. आई कोर्टात टायपिस्ट होती. बोटं अजून तशीच चालत. करू दे जरा करमणूक, त्याला वाटलं. आपण दुकानात गेलो की दिवसभर एकटीच तर असते.

दोन कप घेऊन तो बाहेर आला. आई नाकावर चष्मा ठेवून खुर्चीत बसली होती. पडद्यावर वैद्य त्याच गुहेच्या तोंडाशी उभा होता. पुढे ढाल नव्हता. अंधारातून काहीबाही बाहेर येत होतं आणि वैद्यावर तुटून पडत होतं.

"तुझा मित्र फार सभ्य आहे हो," आई म्हणाली. "सारखं विचारत होता, आहेस का, आहेस का. माणसाने विचारलं तर उत्तर नको द्यायला? मी लिहिलं, तो चहा करतोय, मी त्याची आई. तर मलाही आईच म्हणायला लागला!"

"आणखी काय विचारलं?"

"हेच आपलं, नेहमीचं. घरात कोण कोण असतं, तू कामाला कधी जातोस, घर सापडायला सोपं आहे का. मी सगळं नीट लिहिलं. पिवळ्या फाटकातून डावीकडे, दुसरा मजला. जवळच असतो म्हणाला."

तो कप घेऊन तसाच तिच्या खुर्चीपाशी आला.

"आई, मी त्याला ओळखत नाही."

"असं काय करतोस? तो तर म्हणाला, तुमच्या मुलासाठी मी एकदा मेलोय." ती हसली. "गमत्या आहे."

पडद्यावर वैद्य गुडघ्यांवर आला. खाली एक नवी ओळ उमटली होती : ढाल खेळातून बाहेर पडला.

"गुडघे दुखतात म्हटलं, तर म्हणाला, मग माझ्यासाठी उठू नका. म्हणून आधीच दाराची कडी काढून ठेवली." आईने उठून फळीवरचा तिसरा कप काढला, फडक्याने पुसला आणि त्याच्या हातातल्या कपांतला थोडा थोडा चहा त्यात ओतून घेतला.

"कधी येतो म्हणाला?" त्याने विचारलं.

"एका मिनिटात," आई म्हणाली, आणि चहा निवू नये म्हणून तिने तिसऱ्या कपावर बशी झाकली.