न आलेले नारळ

पंकजाच्या आत्याला लग्नानंतर चौदा वर्षांनी मुलगी झाली, ते साल २०२५. तिच्या बारशाच्या दुपारीच गावातल्या कल्याणला बाजेवर घालून आणलं. उसाला पाणी धरताना त्याच्या पायाला साप चावला होता. चौघांनी बाज ओट्यावर टेकवली. पाळण्याजवळच्या बायका उठून आल्या.

आत्याचे वडील गोरक्षनाथबाबा उठले. सापाचं विष उतरवणारे म्हणून पार नेवाशापर्यंत त्यांचं नाव होतं. त्यांनी कल्याणच्या तोंडात कडुनिंबाचा पाला घातला.

"कडू लागतंय का?"

"न्हाई," कल्याण म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती.

पाला कडू लागला नाही म्हणजे विष चढलं. बाबांनी दोरा मंतरून त्याच्या पायात बांधला. एकदा हा दोरा बांधला की दिवस मावळेपर्यंत माणसानं ओटा उतरायचा नाही. उतरला तर विष काळजात जातं, असा तिथला नेम होता.

"आबा, याला दवाखान्यात न्या," बाबांची नात पंकजा म्हणाली. "पाव्हण्यांचा टेम्पो दारात हाय. वीस मिनिटं लागत्याल."

कल्याणची आई कडूबाई गर्रकन वळली. "तू घुगऱ्या वाट जा बाई. बाबांच्या हातून आजवर एक माणूस गेलं न्हाई. दोन बुकं काय शिकली, आज्याला शिकवती व्हय?"

पंकजा नगरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती. शक्यतेचा धडा झाल्यावर सरांनी प्रत्येकाला आपल्या गावातलं एक उदाहरण मोजून आणायला सांगितलं होतं. तिनं मोठ्या अभिमानानं आबांचं नेलं. वाचलेला माणूस नागपंचमीला आबांना नारळ आणून देई. आबा वाचलेली माणसं नारळावरूनच मोजत. जितके नारळ तितके वाचले; मेलेल्या कोणाचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. वाचण्याची शक्यता पूर्ण एक, असं तिनं लिहून दिलं. सरांनी खाली लाल शाईनं एवढंच विचारलं, 'न आलेल्यांचं काय?'

आबांना लिहिता येत नसे. ओट्यावर आणलेल्या माणसाचं नाव-गाव आणि कोणता साप चावला ते पंकजाच वहीत लिहून ठेवायची. दोन वर्षांत माणसं आली शेहेचाळीस. नारळ आले एकोणचाळीस. उरलेल्या सात घरी ती स्वतः जाऊन आली होती. ही गोष्ट आबांना कशी सांगावी, हे तिला आठ दिवस सुचत नव्हतं.

आता तिनं आतून वही आणली आणि सगळ्यांसमोर सात नावं वाचली.

"सातही घरांत फोटोला हार हाय, आबा. दिवस मावळल्यावर घरी नेलं आन् घरी गेली ती. आपल्याच हातून काहीतरी नेम मोडला असंल, म्हणून लोकांनी तुमाला तोंड दाखवलं न्हाई. आन् जे वाचले, त्यातल्या तिसांना धामण न्हाईतर दिवड, बिनविषारीच, चावली हुती. ते तुमी नसता तरी वाचले असते."

कल्याणच्या पापण्या आता उघडत नव्हत्या. तोंडातून लाळ गळत होती.

पंकजानं बाजेला हात घातला. कडूबाई ओट्याच्या पायरीवर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"दोरा बांधलाय! खाली उतरवलं तर मारशील माझ्या पोराला. बाबा, सांगा हिला. तुमी बोला ना!"

आबा कल्याणच्या छातीकडे बघत राहिले. छाती वर यायला वेळ लागत होता. टेम्पोवाला किल्ली घेऊन खाली उभा होता. तो एकदा पंकजाकडे बघे, एकदा आबांकडे.

मग आबा उठले. कडूबाईजवळ गेले आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाले. दोनच शब्द असतील. कडूबाईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे हात आपोआप खाली आले.

आबांनी आतून विळा मागवला आणि कल्याणच्या पायातला दोरा स्वतः कापला.

"उचला," ते म्हणाले.

टेम्पोत आबा बाजेशेजारी बसले. कल्याणची मान त्यांनी दवाखाना येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. कल्याणला नळी घातली. चौथ्या दिवशी त्यानं चहा मागितला, आणि कडूबाई पहिल्यांदा रडली.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर आबा पंकजाला म्हणाले, "तुझ्या वहीत सात हायेत. आठ कर."

"आठवं कोन, आबा?"

"दोन वर्सातलं न्हाई. जुनं हाय. तरी लिही."

त्यांनी नाव सांगितलं. कडूबाईच्या कानात सांगितलं होतं तेच. पंकजाचं पेन थांबलं. हा माणूस झटक्यानं गेला, असंच तिला लहानपणापासून घरात सांगत आले होते. आबांनी पुन्हा म्हटलं, "लिही." मग तिनं लिहिलं.

पंकजाचे वडील राधाकृष्ण ३ सप्टेंबर २००८ रोजी सकाळी साप चावून, पायात दोरा असताना, आबांच्या ओट्यावर वारले.